बंदिस्तीची खातरजमा

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात, तुडीलच्या आसपास, ज्यांची भातखाचरे खाजणाला लागून आहेत त्यांना अमावास्या-पौर्णिमा पंचांगात पाहाव्या लागत नाहीत. सावित्रीच्या खाडीला उधाण आले म्हणजे त्या आपोआप कळतात. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, खारे पाणी बांधाच्या पायथ्याशी निमूटपणे येते आणि निमूटपणे परत जाते, आणि अशा दिवशी कोणी बांधावर उभा राहून बंदिस्ती पक्की असल्याचा निर्वाळा देऊ लागला, तर जुनी माणसे त्याला हसत. माझे आजोबा उधाणाच्या रात्री, भरती ऐन भरात असताना, कंदील घेऊन बांधावर जात; आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, खाडीकडील अंगाकडे ते फारसे पाहत नसत. खाचराच्या बाजूने, आतल्या अंगाने, ते वाकून वाकून चालत, जागोजागी मातीला तळहात लावीत, आणि कोठे ओल लागलीच तर बोट जिभेवर टेकवीत. ओल अळणी लागली तर पावसाची, खारट लागली तर खेकड्याच्या बिळाची. आणि आजचे बीळ तीच उद्याची खांड, असा त्यांचा हिशेब होता.

हे सारे मला अनेक वर्षांनी आठवले ते मुंबईच्या एका इस्पितळात, जेथे एक हृदयरोगतज्ज्ञ माझ्यापुढे कागदाची लांब पट्टी उलगडून, हृदयाच्या आत घातलेल्या एका बांधाची आतल्या अंगाने परीक्षा कशी केली, हे समजावून देत होते. तो बांध मातीचा नव्हता, थंडीने मारलेल्या पेशींचा होता. अडवायचे होते ते खारे पाणी नव्हते, वीज होती. तथापि आजोबा त्या खोलीत असते तर पट्टी त्यांना माझ्याआधी उमगली असती, असे मला आजही वाटते.

रोगी होते आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते. चाळीस वर्षे मुंबईत नोकरी करून ते गावी परतले होते. खाडीपट्ट्यातल्या घरांची ही रीतच आहे. एक पाय मुंबईत, हल्ली अनेकांचा दुसरा आखातात, आणि गणपतीला किंवा ईदेला काय तो गाव भरलेला. अण्णांची तक्रार अशी की, अधूनमधून छातीत कबुतर फडफडल्यासारखे होते. कधी दहा-वीस मिनिटे, कधी दोन-चार तास, आणि मग एकाएकी सारे शांत. घरच्यांनी त्यावर मराठी कुटुंबात कोणत्याही दुखण्यावर होते तेच निदान केले, 'गॅस झाला असेल'; ओवा झाला, सोडा झाला. महाडला जाऊन कार्डिओग्राम काढावा, तर तेथे पोचेपर्यंत कबुतर उडून गेलेले असे, आणि कागदावरची रेषा परीक्षेस बसलेल्या हुशार मुलासारखी निर्दोष उतरत असे. शेवटी मस्कतहून पुतण्याने आणलेल्या मनगटी घड्याळाने एका मध्यरात्री ती विस्कळीत नाडी पकडली, आणि पुढच्या खेपेस, फडफड चालू असतानाच, शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून नेल्यामुळे ती कार्डिओग्रामच्या कागदावर दाखल झाली. निदान दोन शब्दांचे होते, एट्रियल फिब्रिलेशन; डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'एएफ' म्हणतात.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका आणि खालचे दोन म्हणजे जवनिका, हे शाळेत आपण सर्वांनी घोकलेले असते. निरोगी हृदयात उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका, शरीर विश्रांत असता, मिनिटास साठ ते शंभर वेळा विजेचा हुकूम सोडतो. तो हुकूम दोन्ही कर्णिकांत पसरतो, मधल्या एका चौकीवर क्षणभर थबकतो आणि मग जवनिकांत उतरतो. एएफमध्ये वरच्या कप्प्यांतला हा एकछत्री अंमल संपुष्टात येतो. मिनिटास साडेतीनशे ते सहाशे, अशा गतीने परस्परविरोधी लहरी तेथे एकमेकींवर आदळू लागतात, कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरते, आणि मधली चौकी त्यांतले जमतील तेवढे हुकूम, जमेल तेव्हा, खाली सोडते. म्हणून या रोग्याची नाडी बहुधा केवळ जलद नसते. तिच्या अनियमितपणालाही काही नियम नसतो. थरथरत्या डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यातील पिशवीत रक्त साकळून गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. निरोगी माणसाच्या मानाने हा धोका सुमारे पाचपट मानला जातो. यास्तव रक्त पातळ ठेवणारी गोळी हा या रोगाच्या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी कौतुक होणारा भाग आहे.

या रोगाचा माग काढणाऱ्यांत, मोठ्या विद्यापीठांतल्या पंडितांच्या बरोबरीने, एका गिरणगावातला सामान्य डॉक्टर होता, हे मला नेहमी विशेष वाटत आले आहे. इंग्लंडातील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावी जेम्स मॅकेन्झी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोग्यांच्या मनगटाची नाडी आणि मानेच्या शिरेची स्पंदने एकाच कागदावर शाईने उमटविण्याचा उद्योग वर्षानुवर्षे केला, आणि काही रोग्यांत नाडी कायमची विस्कळीत झाली की मानेतील कर्णिकेची लाट नाहीशी होते, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे हृदयाची वीज नोंदविणारे आइन्टहोव्हेन यांचे गॅल्व्हॅनोमीटर हाती आल्यावर लंडनमध्ये टॉमस लुइस यांनी १९०९च्या सुमारास सिद्ध केले की, ही विस्कळीत नाडी म्हणजे कर्णिकेची थरथर होय. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे हे वादळ साऱ्या कर्णिकेत एकदमच उठते, असाच सर्वसाधारण समज होता. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रोग्यांत वादळाची पहिली ठिणगी कोठे पडते हे शोधले. अशा ६९ जागा सापडल्या आणि त्यांपैकी ६५ कर्णिकेत नव्हत्याच, फुप्फुसशिरांच्या आत होत्या. एकट्या डाव्या बाजूच्या वरच्या शिरेत ३१ होत्या.

फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या या शिरा बहुतेकांत चार असतात, आणि जेथे त्या डाव्या कर्णिकेस मिळतात तेथे कर्णिकेचे स्नायू शिरेच्या भिंतीवर बाहीसारखे काही अंतर चढलेले असतात. शिरेचे काम रक्त वाहून नेण्याचे. वीज निर्माण करण्याचा तिला काही अधिकार नाही. तथापि या बाहीतल्या पेशी मधूनच, कोणाचाही हुकूम नसता, धडाधड ठिणग्या सोडू लागतात आणि कर्णिका पेटते. प्रारंभी डॉक्टरांनी शिरेच्या आत शिरून प्रत्येक ठिणगीची जागा जाळून टाकण्याचा प्रयत्न केला, त्याने काही शिरा आकसून बंद होऊ लागल्या, आणि मग शहाणपण सुचले ते असे की, आतल्या खोडकरांचा पाठलाग न करता शिरेच्या तोंडाभोवतीच मृत पेशींचे कडे घालावे. आत काय गोंधळ घालायचा तो घाला, बाहेर येऊ नका. शिरा विलग करणे म्हणतात ते हेच, आणि एएफवरील कॅथेटर-उपचाराचा, म्हणजे शिरेतून नळी घालून करावयाच्या उपचाराचा, आजही तोच पाया आहे.

हे कडे उष्णतेने एकेक ठिपका जोडीत घालता येते किंवा थंडीने एकदम घालता येते. थंडीच्या पद्धतीत मांडीच्या सांध्यातील शिरेतून एक नळी उजव्या कर्णिकेत, तेथून दोन कर्णिकांमधल्या पडद्याला सुईने भोक पाडून डाव्या कर्णिकेत नेतात, आणि तिच्यातून मिटलेला फुगा आत सोडून शिरेच्या तोंडाशी फुगवितात. फुग्याचा नेहमीचा व्यास २८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. तो दुहेरी असतो, दोन थरांमध्ये निर्वात, आणि आतल्या थरात दाबाखालील द्रवरूप नायट्रस ऑक्साइड फवारला जातो. हाच तो दंतवैद्यांचा हसविणारा वायू. द्रवाचा वायू होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो शेजारच्या स्नायूकडून वसूल करतो. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने, फक्त वसुली फार कडक. आमच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात; येथे फुग्याच्या आतला आकडा मिनिटा-दोन मिनिटांत शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांवर जातो. युरोपात हा फुगा २००५ पासून वापरात आला, अमेरिकेत त्यास २०१० च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि २०१२ मध्ये आलेल्या सुधारित फुग्यात फवाऱ्याची छिद्रे चारांची आठ झाल्याने नुसत्या कंबरेऐवजी त्याचा पुढचा सारा अर्धगोल गार होऊ लागला.

कडे घातले, पण ते पुरे झाले की नाही हे कळावे कसे? वर्तुळात एक मिलिमीटर जागा जिवंत राहिली तरी वीज तेवढ्यातून जाते, आणि छाती उघडलेली नसल्याने डॉक्टरला दिसतात त्या केवळ एक्स-रेच्या पडद्यावरील करड्या सावल्या. या प्रश्नावर कॅथलॅबमध्ये, म्हणजे जेथे हे काम चालते त्या खोलीत, जे साक्षीदार तपासले जातात त्यांची पत सारखी नाही, आणि अण्णांच्या डॉक्टरांनी ती मला उतरंडीने सांगितली.

पहिली साक्ष डायची. फुगा शिरेच्या तोंडी दाबून बसविला की त्याच्या मधल्या पोकळीतून शिरेत थोडे रंगद्रव्य सोडतात. ते आत साठून राहिले तर फुग्याने तोंड बंद केले, एखाद्या कडेने, बहुधा खालच्या, कर्णिकेत निसटले तर तेथून गरम रक्त वाहत आहे आणि त्या जागी गोठणे कच्चे राहणार. ही साक्ष खरी असते, पण ती फुगा नीट बसल्याची असते, काम झाल्याची नव्हे. झाकण घट्ट बसले म्हणून भात शिजला असे कोणी म्हणत नाही.

दुसरी साक्ष तापमानाची, आणि ती ऐकीव पुराव्यात मोडते. पडद्यावर दिसणारा उणे पंचेचाळीसचा आकडा पाहून बघणारा निश्चिंत होतो. वस्तुतः तो स्नायूचा आकडा नसतोच, फुग्यातून परतणाऱ्या वायूचा असतो. शीर लहान असेल, फुगा फार आत शिरला असेल, तर आकडा झपाट्याने उतरतो आणि तरीही कडे भलत्याच जागी पडलेले असू शकते. उलट आकडा फारच खाली, उणे साठाच्या दिशेने, जाऊ लागला तर तो कौतुकाचा विषय नसून थांबण्याचा इशारा असतो, कारण शेजारी अन्ननलिका आहे, मज्जातंतू आहेत. अधिक उपयोगी पडतो तो फुगा परत तापण्याचा वेग: वायू बंद केल्यावर शून्य अंशावर येण्यास दहा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर थंडी खोल मुरली असे समजतात.

तिसरा साक्षीदार प्रत्यक्षदर्शी. फुग्याच्या मधल्या पोकळीतूनच एक बारीक तार पुढे शिरेत जाते, तिचे टोक कड्यासारखे वळलेले असते, आणि त्या पंधरा किंवा वीस मिलिमीटरच्या कड्यावर आठ इलेक्ट्रोड बसविलेले असतात. या तारेचे महत्त्व आधीची पद्धत जाणल्याखेरीज कळत नाही. पहिल्या काळात फुग्यातून साधी तार जाई. गोठविणे संपले की फुगा दूर करून निराळ्या कॅथेटरने शिरेची तपासणी करावयाची, म्हणजे बांध घालून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाहावयास जायचे, असा तो प्रकार होता. आता पाहणारा गोठविण्याच्या वेळीच आत बसलेला असतो, खाचराच्या बाजूस, बांधाला हात लावून.

त्या पट्टीवर मला दाखविले ते असे. प्रत्येक ठोक्याला दोन खुणा: आधी एक बोथट, ठेंगणी लाट, ती दूरच्या कर्णिकेची, तिच्या पाठोपाठ एक उभा, टोकदार भाला, तो शिरेच्या बाहीचा स्वतःचा. लाट आली की भाला येतो, कारण वीज कर्णिकेतून शिरेत जाते. गोठविणे सुरू झाले. पंधरा-वीस सेकंद काहीच घडत नाही असे वाटते. मग भाला किंचित मागे पडू लागतो. लाट आणि भाला यांतले अंतर ठोक्यागणिक वाढते, जणू कोणी थकलेला माणूस चढणीवर पावलापावलाने रेंगाळतो आहे. आणखी थोड्याने एका ठोक्याआड एक भाला गळतो. आणि मग एका ठोक्याला लाट येते, तिच्यामागे रेषा सपाट. पुढच्याला सपाट. त्यापुढच्यालाही. पट्टीच्या कडेला तंत्रज्ञाने निळ्या पेनने वर्तुळ करून '४८ सेकंद' असे लिहिले होते. वादीचा दावा फेटाळला गेल्याचा हुकूमनामाच तो.

हा आकडा नुसता नोंदीसाठी नसतो. गोठविणे सुरू झाल्यापासून भाला नाहीसा होईतोचा काळ साठ सेकंदांच्या आत असेल तर कडे टिकाऊ होण्याची शक्यता चांगली, असे अनुभवाने ठरले आहे, आणि मग पुष्कळ ठिकाणी एकूण तीन मिनिटांवर काम थांबवितात. साठ-नव्वद सेकंद उलटूनही भाला जागचा हलत नसेल तर उगाच थंडी ओतीत न बसता फुगा नव्याने बसवितात. पूर्वी सरसकट चार मिनिटे आणि वर आणखी एकदा चार मिनिटे, असा ठराविक मामला होता. साक्षीदार आत बसल्याने प्रत्येक शिरेचा निवाडा स्वतंत्र होऊ लागला, आणि आजूबाजूच्या अवयवांना बसणारी विनाकारण थंडीही वाचली.

परंतु प्रत्यक्षदर्शीही चकतो. डाव्या वरच्या शिरेला लागूनच ती गुठळीची पिशवी असते, आणि तिची वीज शिरेतल्या तारेला ऐकू येते. चाळीत शेजारच्या खोलीतला पाटा-वरवंटा आपल्याच स्वयंपाकघरात चालल्यासारखा वाटतो, तसे. भाला दिसतो आहे म्हणून डॉक्टर गोठवीतच राहतो, आणि शीर तर केव्हाच तुटलेली असते. याचा उलगडा करण्याची युक्ती मोठी सरळ आहे: पिशवीतच दुसऱ्या तारेने कृत्रिम ठोका द्यावा. संशयित खूण त्याला चिकटून आली तर ती शेजारणीची. तरीही उशिरानेच आली तर ती शिरेची. डाव्या शिरांत लाट आणि भाला एकमेकांत मिसळलेले असतात, तेव्हा हृदयाच्या मागल्या बाजूच्या एका शिरेतून ठोके देऊन त्यांना सुटे करावे लागते. कधी उलट होते. तारेचे कडे फार आत गेलेले असते, जेथे स्नायूची बाही पोचलेलीच नाही, आणि प्रारंभापासून रेषा सपाट असते. ही शांतता विलग झाल्याची नव्हे, साक्षीदार चुकीच्या खोलीत बसल्याची आहे. कडे मागे ओढून तोंडाशी आणल्याशिवाय तिला पुरावा मानू नये. काही शिरांत असे करूनही गोठविण्याच्या वेळी भाला दिसत नाही, आणि तेथे मग पूर्वीसारखे आधी-नंतर पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

शेवटी उलट तपासणी. आतापर्यंत पाहिले ते हे की बाहेरची वीज आत येत नाही. पण मूळ भीती आतली वीज बाहेर जाण्याची होती. म्हणून शिरेच्या आतूनच ठोके देऊन पाहतात: शिरेचा स्नायू तेथल्या तेथे उडतो आणि कर्णिका मात्र आपल्या संथ चालीने चालत राहते. क्वचित एखादी विलग झालेली शीर ठोके न देताही स्वतःशीच, आपल्या निराळ्या सावकाश लयीत, भाले टाकीत बसते. अण्णांच्या पट्टीच्या शेवटच्या हातभर भागात तसे दोन एकाकी भाले होते; वरच्या रेषेत हृदय नियमाने चाललेले, आणि खालच्या रेषेत कोंडलेली शीर अधूनमधून काहीतरी पुटपुटते आहे. त्या दिवसभरात मी पाहिलेले सर्वांत विलक्षण दृश्य ते होते.

उजवीकडच्या शिरा गोठविताना आणखी एक पहारा ठेवावा लागतो, आणि त्याचे मुख्य उपकरण माणसाचा तळहात आहे. उजव्या वरच्या शिरेच्या अगदी शेजारून फ्रेनिक नावाची नस श्वासपटलाकडे उतरते. ती गोठली तर उजव्या बाजूचे श्वासपटल लुळे पडते. म्हणून वरच्या महाशिरेत तार ठेवून त्या नसेला एक-दोन सेकंदांच्या अंतराने विजेचा चिमटा काढीत राहतात, आणि रोग्याच्या उजव्या बरगडीखाली पोटावर हात ठेवून कोणीतरी उभा असतो. प्रत्येक चिमट्याला हाताखाली उचकीसारखा हिसका लागतो. हिसका जरा मंदावला, की त्याने ओरडावे आणि डॉक्टरने तत्क्षणी वायू बंद करून फुगा मिटवावा. शंका घेण्यास, पुन्हा एकदा पाहू म्हणण्यास येथे सवड नाही. स्नायूची वीज पडद्यावर मोजण्याची सोयही आहे, ती तीस टक्क्यांनी घटली की थांबतात. पण हात काही काढून घेतलेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ७६२ रोग्यांच्या मोठ्या युरोपीय चाचणीत थंडीची आणि उष्णतेची पद्धत परिणामात बरोबरीने उतरली, तेव्हा थंडीच्या गटात या नसेची इजा २.७ टक्के रोग्यांना झाली होती, आणि तीही वर्षभरात बहुतेकांची भरून आली.

रोग्याच्या अंगावर हात ठेवून रात्र काढण्याच्या या विद्येत आमचा महाड तालुका मागासलेला नाही, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या शंभरांतले चाळीसेक रोगी दगावत, आणि विंचवाच्या विषाला उतारा नाही म्हणून सारे हात टेकीत. बावस्करांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून गार पडत जाणारे हातपाय, दरदरून येणारा घाम, रक्तदाबाची चढउतार, चुकणारे ठोके यांची तासातासाने नोंद केली, आणि त्यांना दिसले की माणूस विषाने मरत नाही, विषाने उठविलेल्या चेतासंस्थेच्या वादळात हृदय हतबल होऊन फुप्फुसांत पाणी भरल्याने मरतो. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा वापर सुरू झाल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फुग्याच्या कॅथलॅबमध्ये कोट्यवधींची यंत्रसामग्री असते आणि बिरवाडीत तिचा मागमूस नव्हता. पण रोग्याच्या देहातून येणारी खूण तिच्या आरंभीच पकडावी आणि यंत्राच्या आकड्यापेक्षा तिला अधिक मानावे, ही शिस्त दोन्हीकडे एकच आहे.

आता भांगाची आणि उधाणाची गोष्ट. थंडीचा गुण आणि दोष हा की, ती आधी पेशीला नुसती बधिर करते आणि मग मारते. बधिर झालेली पेशी मेल्यासारखीच गप्प असते. गोठविताना भाला गेला म्हणून आनंद मानणे म्हणजे अष्टमीच्या दिवशी बांधाला दाखला देणे होय. स्नायू पुन्हा कोमट झाल्यावर, वीस-तीस मिनिटे थांबून, प्रत्येक शीर फिरून तपासली जाते. काही डॉक्टर ॲडेनोसिनचे इंजेक्शन देऊन मुद्दाम उधाण आणतात; मरगळलेल्या पेशी असतील तर त्या काही सेकंद जाग्या होतात आणि गळती उघडी पडते. हे थांबणे सर्वांत कंटाळवाणे असते. पाच-सहा तासांच्या उपवासानंतर बाहेर ताटकळलेल्या नातलगांना 'झालं का हो?' असे विचारावेसे वाटते ते याच वेळी, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'झालंय, पण बघतोय' एवढेच असते.

त्यानंतरही निवाडा कायम होत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सूज आणि भरून येणाऱ्या जखमा यांमुळे फडफड पुन्हा जाणवू शकते, आणि तिला अपयश गणत नाहीत. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत ३०३ रोग्यांच्या त्वचेखाली अखंड नोंद ठेवणारे यंत्र बसवून वर्षभर पाळत ठेवली गेली. औषधांवर असलेल्यांपैकी ६७.८ टक्क्यांत आणि प्रथमच फुग्याचा उपचार घेतलेल्यांपैकी ४२.९ टक्क्यांत कर्णिकेची काही ना काही गडबड पुन्हा नोंदली गेली. फरक मोठा आहे. पण दुसरा आकडाही लहान नाही, आणि जो कोणी रोग्यास 'एकदा केले की आयुष्यभर सुटलात' असे सांगतो तो त्याची दिशाभूल करतो. मात्र त्या मोजणीत तीस सेकंदांची फडफडही धरली होती, जी पुष्कळदा रोग्याला कळतही नाही. पूर्वी नाडी पाहून किंवा वर्षातून दोन कार्डिओग्राम काढून जे यशाचे आकडे येत ते भांगाच्या दिवसांतले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. अलीकडे थंडी-उष्णता दोन्ही सोडून विजेच्या अत्यल्प काळाच्या धक्क्यांनी पेशी मारण्याची पद्धत पुढे आली आहे आणि ती कदाचित फुग्याला मागे सारील. तेथेही भाला क्षणार्धात नाहीसा होतो, आणि तेथेही पेशी बधिर झाली की मेली, हाच प्रश्न उरतो.

अण्णा बरे आहेत. कबुतर वर्षात दोनदा आले, काही मिनिटे बसले आणि गेले. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र चालूच आहे, कारण ती शिरेच्या बंदिस्तीवर अवलंबून नसते, वय, रक्तदाब, मधुमेह यांच्या हिशेबावर असते. आणि 'आता ठोके ठीक आहेत' म्हणून ती आपल्या मनाने सोडलेल्यांची उदाहरणे आमच्या पंचक्रोशीतही आहेत, ज्यांपैकी एकाचा उजवा हात आता चालत नाही.

वाचकांना एवढीच विनंती की, घरातल्या साठीपुढच्या माणसाची नाडी महिन्यातून एकदा, मनगटावर अंगठ्याखालच्या खळग्यात तीन बोटे ठेवून, पूर्ण एक मिनिट पाहावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण येथे संख्येपेक्षा चाल पाहायची असते. चाल विस्कळीत लागली तर ओवा-सोड्यात वेळ न दवडता, ती विस्कळीत असतानाच, जवळ जेथे यंत्र असेल तेथे कार्डिओग्राम काढून घ्यावा, त्या कागदाची उजेडाने शाई उडते म्हणून लगेच झेरॉक्स करावी, आणि ती घडी रेशनकार्डाशेजारी ठेवून द्यावी.